गिरणी बुडाली तर काय बुडते?

मराठी भाषेत ‘बुडणे’ हे क्रियापद फार ठिकाणी उपयोगी पडते. दिवस बुडतो, नाव बुडते, शाळा बुडते, उसने दिलेले पैसे बुडतात, आणि बँक किंवा कंपनीही बुडते. दिवस बुडाला तरी दुसऱ्या दिवशी सूर्य उगवतो. शाळा बुडाली तर राहिलेला धडा भरून काढता येतो. परंतु एखादी मोठी, जुनी आणि नावाजलेली कंपनी बुडाली असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नेमके काय बुडालेले असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आणि तो केल्यावाचून अशा कंपनीला बुडू द्यावे की सरकारने हात देऊन वर काढावे, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो की व्यापार हा नफ्यातोट्याचा खेळ आहे. जो नफा घेतो त्यानेच तोटाही सोसावा. मोठ्या कंपनीला सरकारने वाचवले तर तिचे चालक बेफिकीर होतात, आणि त्यांच्या बेफिकिरीची किंमत कर भरणाऱ्या गरिबाला मोजावी लागते. दुसरा पक्ष म्हणतो की मोठी कंपनी एकटी बुडत नाही; ती हजारो कुटुंबांना आणि कधी कधी एका संपूर्ण शहराला बरोबर घेऊन बुडते. म्हणून तिला केवळ बाजाराच्या न्यायावर सोडून देणे निर्दयपणाचे होईल. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कोणाचे तथ्य कोठवर पोहोचते, हे पाहण्यास ग्वाल्हेरचे उदाहरण फार उपयोगी आहे.

इ. स. १९२१ मध्ये ग्वाल्हेर येथे जियाजीराव कॉटन मिल्स ही कापडगिरणी उभी राहिली. तिचे संस्थापक घनश्यामदास बिर्ला यांनी त्यापूर्वी दोनच वर्षे, १९१९ मध्ये, कलकत्त्यास तागाची गिरणी काढली होती. ग्वाल्हेरच्या गादीवर त्या वेळी महाराज माधवराव शिंदे होते. संस्थानात व्यापारउदीम वाढावा अशी त्यांची इच्छा होती. ग्वाल्हेरची प्रसिद्ध जत्राही त्यांच्याच कारकिर्दीत १९०५ मध्ये सुरू झाली. अशा वातावरणात गिरणी वाढली आणि तिच्या भोवती हजिऱ्याच्या बाजूस बिर्लानगर ही वस्ती वसली. लोक गिरणीला थोडक्यात ‘जे. सी. मिल’ म्हणू लागले. पुढे १९४७ मध्ये ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी याच शहरात स्थापन झाली आणि बिर्ला घराण्याचा आणखी एक मोठा उद्योग येथे आला.

१९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात मिळाला आणि राजधानी भोपाळला गेली. राजवाड्याचा आश्रय गेला, पाठोपाठ राजधानीचा मानही गेला. अशा शहराला गिरणीचा आधार पूर्वीपेक्षा अधिक वाटू लागला तर नवल नाही. गिरणी म्हणजे केवळ माग आणि चात्या नव्हेत. पगाराच्या दिवशी वाण्याची उधारी फिटते, शिंप्याला काम मिळते, मुलांच्या शाळेची फी भरली जाते, गावाकडे म्हाताऱ्या आईबापांना मनिऑर्डर जाते. भोंगा वाजतो तो कामगारांसाठी; पण त्यावर घड्याळ लावून चालणारी माणसे कामगारांहून कितीतरी अधिक असतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे येथे अक्षरशः पटते.

जे. सी. मिल १९९२ मध्ये बंद पडली. सुती कापडाच्या मोठ्या गिरण्यांवर हे संकट देशभर आले होते आणि त्याची कारणेही बहुतांशी समान होती. १९५० नंतरच्या सरकारी धोरणाने हातमागाच्या संरक्षणासाठी गिरण्यांच्या मागांची वाढ रोखून धरली होती. ती जागा हातमागाऐवजी यंत्रमागाने घेतली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग कमी खर्चात कापड विणू लागले. त्यांना गिरणीसारखे कामगार कायदे आणि कर यांचे ओझे नव्हते. दुसरीकडे कृत्रिम धाग्याचे कापड लोकप्रिय झाले. धुण्यास सोपे आणि टिकण्यास मजबूत असे कापड मिळू लागल्यावर ग्राहकाने सुती कापडाशी जन्माचे नाते मानले नाही. अनेक गिरण्यांत आजोबांच्या काळची यंत्रे नातवाच्या काळातही चालत होती, कारण नफ्याचा पैसा नवीन यंत्रांत न जाता अन्य उद्योगांत गेला होता. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा सहभाग असलेल्या संपाने हे दुखणे उघड्यावर आणले; परंतु दुखणे त्याहून जुने होते.

अशा वेळी सरकारने काय करावे? हा प्रश्न ग्वाल्हेरच्या पुष्कळ आधी सोलापुरात विचारला गेला होता. १८७४ मध्ये स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला सोलापूरकर ‘जुनी मिल’ म्हणत, १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले आणि देशात कापडाची टंचाई असताना एक मोठी गिरणी थांबली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एका भागधारकाने या कायद्यास आव्हान दिले. १९५० च्या डिसेंबरात न्यायालयाने ते फेटाळले. परंतु सरकारने नेमलेल्या संचालकांनी भागधारकांकडून भागांवरील उरलेली रक्कम मागितली तेव्हा दुसरा दावा झाला, आणि १९५३ च्या अखेरीस न्यायालयाने निर्णय दिला की मोबदला दिल्यावाचून कंपनीचा असा ताबा घेणे घटनेस धरून नाही. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीला जी प्रकरणे कारण झाली त्यांत सोलापूरच्या गिरणीचे हे प्रकरण एक होते. एक गिरणी वाचवावी की नाही, या प्रश्नाने अशा रीतीने भारताची घटना बदलली. गिरणी मात्र कायमची वाचली नाही. ‘जुनी मिल’ हे आता सोलापुरातील एका परिसराचे नाव उरले आहे.

पुढे हाच मार्ग अधिक मोठ्या प्रमाणावर चोखाळला गेला. १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले; १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले; १९८३ मध्ये संपानंतर मुंबईतील आणखी १३ गिरण्यांचा कारभार सरकारने घेतला. यातून काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हजारो घरांत आणखी काही वर्षे चूल पेटत राहिली. त्या अवधीत मुले शिकून मोठी झाली. परंतु ज्या कारणांनी गिरण्या आजारी पडल्या ती कारणे मालक बदलल्याने नाहीशी झाली नाहीत. यंत्रे जुनीच राहिली, तोटा मात्र सरकारी झाला. अखेरीस २००५ मध्ये महामंडळाने मुंबईतील आपल्या काही गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या. ज्या जागी सूत निघत होते त्या जागेला सुतापेक्षा अधिक भाव आला होता.

राष्ट्रीयीकरण हा एक टोकाचा उपाय झाला. दुसरा उपाय १९८५ च्या आजारी उद्योगांविषयीच्या कायद्याने योजला. ज्या औद्योगिक कंपनीचा साचलेला तोटा तिच्या संपूर्ण भांडवल व गंगाजळीइतका किंवा त्याहून अधिक झाला, तिने औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे जावे, मंडळाने तिची प्रकृती तपासून उपचाराची योजना आखावी, आणि तोपर्यंत धनकोंनी तिच्यावर जप्ती आणू नये, अशी त्याची रचना होती. मंडळाचे काम १९८७ मध्ये सुरू झाले. हेतू चांगला होता. परंतु भांडवल पूर्ण संपल्यावर येणारा रोगी हा मुळातच उशिरा आलेला असतो. आणि वैद्याच्या दारात तो वर्षानुवर्षे बसून राहिला तर उपचार होण्यापूर्वीच तो संपतो. २०१६ च्या डिसेंबरात हा कायदा रद्द झाला, त्याचे मुख्य कारण हा विलंबच होय.

विलंबाने नेमके काय होते, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहता येईल. समजा, एक गिरणी आज विकली तर तिच्या मालमत्तेचे १० कोटी रुपये येतात. बँकेचे तिच्याकडे ६ कोटी आणि कामगारांचे ४ कोटी येणे आहे. आज ती बंद करून विकली तर दोघांचेही पैसे पुरते फिटतात. आता ती ना चालू, ना बंद, अशा स्थितीत ५ वर्षे लोंबकळत राहिली असे धरू. यंत्रे गंजतात, छपरे गळतात आणि मालमत्ता ८ कोटींवर येते. बँकेचे ६ कोटी दरसाल शेकडा १५ या चक्रवाढ व्याजाने १२ कोटी होतात. कामगारांचे ४ कोटी मात्र ४ कोटीच राहतात. एकंदर देणे १६ कोटी आणि हाती ८ कोटी. बँक आणि कामगार यांचा हक्क समान मानला, तरी कामगाराला रुपयाला आठ आणेच मिळणार. या ५ वर्षांत कोणी चोरी केलेली नाही, कोणी दरोडा घातलेला नाही. केवळ निर्णय झालेला नाही, आणि एवढ्यानेच कामगाराचे निम्मे पैसे गेले. शहराच्या मध्यभागी असलेल्या जमिनीचा भाव वाढून हा हिशेब कधी उलटतो, हे खरे. परंतु मग त्या जमिनीवर हक्क कोणाचा, यावर नवे दावे उभे राहतात आणि वाट पाहणे संपत नाही.

इंदूर याची साक्ष देईल. तेथील हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली. कामगारांनी दीर्घकाळ न्यायालयात झगडा दिला. त्यांच्या थकलेल्या देण्याचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश अवसायकाच्या, म्हणजे सरकारी लिक्विडेटरच्या, हाती पडला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. सुमारे ४,८०० कामगारांचा हा प्रश्न होता. मधल्या तीन दशकांत त्यांतील कितीतरी जण हे जग सोडून गेले होते. त्यांच्या वाट्याचे पैसे घ्यायला विधवा आणि मुले आली. ग्वाल्हेरच्या जे. सी. मिलच्या कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न तर २०२५ मध्येही राज्य सरकारपुढे होता. न्याय मिळतो, परंतु ज्याने घाम गाळला त्याला तो पाहायला मिळत नाही, असा याचा अर्थ.

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. ‘कंपनी बुडाली’ या दोन शब्दांत वस्तुतः चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. पहिली, कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आणि तिच्यातील भागधारकांचे भांडवल. दुसरी, कारखाना, म्हणजे यंत्रे आणि ती चालविण्याचे कसब. तिसरी, ज्यांनी तिच्यावर विश्वास टाकला त्यांचे येणे. आणि चौथी, तिच्या भोवतीची वस्ती. या चारही गोष्टी एकदम बुडाल्याच पाहिजेत, किंवा एकदम वाचविल्याच पाहिजेत, असा काही नियम नाही. पहिला पक्ष बोलतो तो पहिल्या गोष्टीविषयी. दुसरा पक्ष बोलतो तो तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टींविषयी. म्हणून दोघांचा वाद मिटत नाही.

या गोष्टी परस्परांपासून सोडविता येतात, हे अमेरिकेत २००९ मध्ये दिसले. त्याच्या आदल्या वर्षी लेहमन ब्रदर्स ही जुनी पेढी सरकारने बुडू दिली, आणि जगभर पैशाचा व्यवहार गोठला. पुढे जनरल मोटर्स या मोटारी बनविणाऱ्या प्रचंड कंपनीची पाळी आली तेव्हा वेगळा मार्ग काढला गेला. १ जून २००९ रोजी तिचे दिवाळे जाहीर झाले. ४० दिवसांत चांगले कारखाने एका नव्या कंपनीकडे गेले. जुन्या भागधारकांचे भांडवल बुडाले, कारखाने तरले. सरकारने सुमारे ५,००० कोटी डॉलर त्यात घातले आणि शेवटी सुमारे १,००० कोटी डॉलरचा तोटा सोसला. हे स्वस्त नव्हते; आणि मोटारींना गिऱ्हाईक होते म्हणूनच ते जमले. ज्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही त्याचा कारखाना पैशाने वाचत नाही.

मग भारतात काय व्हावे? त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेस जाण्याचीही आवश्यकता नाही. अकोल्यास जाणे पुरे आहे. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पालई सेंट्रल बँक या दोन बँका बुडाल्या. ठेवीदारांत हाहाकार झाला. त्या वेळी सरकारने पुढे कोणतीही बँक बुडूच देणार नाही अशी प्रतिज्ञा केली नाही. १९६१ मध्ये ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. आरंभी ते दर ठेवीदारामागे १,५०० रुपये होते. फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख रुपये झाले. यातले तत्त्व साधे आणि सुंदर आहे. बँक बुडाली तर बुडो. तिच्यावर विश्वास टाकणारा लहान माणूस बुडता कामा नये. आणि त्याचा खर्च विम्याच्या हप्त्याने बँकांनीच आधी भरून ठेवावा.

हे तत्त्व ठेवीदाराला लागू केले, ते कामगाराला का लागू करू नये? कामगारही एक प्रकारचा ठेवीदारच असतो. ग्रॅच्युइटीच्या कायद्याने नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, २६ दिवसांचा महिना धरून, साठत जाते. ३० वर्षे सेवा केलेल्या कामगाराचे सुमारे १७ महिन्यांचे वेतन अशा रीतीने मालकाकडे जमा असते. ही त्याने कंपनीला दिलेली बिनव्याजी उसनवारीच होय. फरक इतकाच की ती द्यावी की नाही, हे त्याला कोणी विचारलेले नसते. बँक कर्ज देते तेव्हा जमीन आणि यंत्रे तारण घेते, ताळेबंद तपासते. कामगार ताळेबंद पाहत नाही. तो मस्टरवर सही करतो आणि कामाला लागतो.

कायद्याने याची अगदीच दखल घेतली नाही असे नाही. १९८५ पासून कंपनीच्या अवसायनात कामगारांचे देणे तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे मानले गेले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने आधीच्या २४ महिन्यांचे देणे त्याच पंक्तीत ठेवले, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचा निधी विक्रीच्या मालमत्तेतून वगळला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने दिवाळखोरी निवारणाच्या प्रक्रियेला ३३० दिवसांची मर्यादा घातली. परंतु निधी आधी बाजूला काढून ठेवलेला असेल तरच वगळता येतो. आणि मर्यादाही पाळली गेली तरच उपयोगाची. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. तिचे अवसायन करावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा करणारे कलम १९८७ मध्येच कायद्यात घातले गेले. परंतु ते केव्हा लागू करावयाचे हे सरकारी अधिसूचनेवर सोडले गेले, आणि अनेक राज्यांत ती अधिसूचना दीर्घकाळ निघालीच नाही. कर्नाटकाने ती २०२४ मध्ये काढली. औषध कपाटात होते, कपाट उघडले गेले नाही.

म्हणून मोठ्या आणि जुन्या कंपनीला बुडू द्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. कंपनीला बुडू द्यावे; तिच्या भागधारकांनी नफा घेतला तसा तोटाही घ्यावा. कारखाना, त्याच्या मालाला गिऱ्हाईक असेल तर, नव्या हातांत लौकर सोपवावा. नसेल तर तो लौकर विकावा, कारण उशिराची किंमत दुबळ्याला मोजावी लागते. कामगाराचे देणे मात्र विम्याने आधीच सुरक्षित असावे, जेणेकरून टाळे लागेल त्याच महिन्यात ते त्याच्या हाती पडेल. आणि वस्तीसाठी सरकारने जो पैसा मरत्या यंत्रांवर ओतला असता, तो नवे काम, नवे शिक्षण आणि नवे उद्योग यांवर घालावा.

याने सर्व दुःख टळेल असे नाही. पन्नाशीच्या विणकराला दुसरे काम शिकविणे सोपे नसते, आणि भोंग्याचा आवाज थांबलेल्या वस्तीची उदासी कोणताही विमा भरून काढीत नाही. परंतु हातात आपले पैसे असलेला माणूस दुकान टाकू शकतो, मुलीचे लग्न करू शकतो, मुलाला पुढे शिकवू शकतो. तीस वर्षे न्यायालयाच्या तारखा मोजणारा माणूस यांतले काहीच करू शकत नाही. अकोल्याच्या बँकेच्या बुडण्यातून देशाने ठेवीदाराला सांभाळण्याचा धडा घेतला, त्याला दोन वर्षेसुद्धा लागली नाहीत. ग्वाल्हेरच्या गिरणीच्या बुडण्यातून कामगाराला सांभाळण्याचा धडा घेण्यास याहून अधिक वेळ लागण्याचे कारण नव्हते; तो अजूनही घेता येण्याजोगा आहे.